कच्ची लादी

डॉक्टरांनी दाढ उपटली, तिथे कापसाचा बोळा दाबला आणि बजावलं, "आता संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही." मावशीने मान डोलावली. नर्सला मात्र हसू आवरेना. ती बंदराजवळच राहायची आणि मावशीचं तोंड बंद असलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

मावशी म्हणजे बर्फाच्या कारखान्यातली मावशी. खरं तर ती एकाचीच मावशी, कारखान्याच्या छोट्या मालकाची. पण तो लहानपणी दिवसभर 'मावशी, मावशी' अशा हाका मारत फिरायचा, आणि त्या ऐकून ऐकून कामगार, बोटवाले, ट्रकवाले, सगळ्यांनीच तिला मावशी करून टाकलं. कारखाना तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने उभारलेला. तो अचानक गेला तेव्हा बहीण ऑफिसातल्या खुर्चीवर बसली. मावशीचं स्वतःचं लग्न काही झालं नव्हतं. तिने दोन गोष्टी अंगावर घेतल्या, बर्फ आणि बहिणीचा मुलगा. त्यातला बर्फ चांगला निघाला, असं ती गमतीत म्हणायची. अलीकडे तिने ती गंमत करणं सोडलं होतं.

दुपारच्या उन्हात ती कारखान्याच्या फाटकातून आत शिरली. अर्धा गाल बधिर, खालचा ओठ कुठे लोंबतोय याचा पत्ता नाही, तोंडात रक्ताची चव. टाकीवर एकदा नजर टाकायची आणि घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण टाकीच्या आधी तिची नजर रुळांच्या टोकाशी असलेल्या खांबावर गेली. खांबाला लाल फडकं बांधलेलं होतं.

ते फडकं बांधायचा हक्क त्या कारखान्यात एकाच माणसाला होता, आणि तो माणूस सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर गाल धरून बसला होता.

हे फडक्याचं प्रकरण समजायचं तर बर्फ कसा होतो ते आधी समजायला हवं. कारखान्यात गोडं पाणी उंच पत्र्याच्या डब्यांत भरतात आणि ते डबे मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवतात. मिठाचं पाणी कितीही गार केलं तरी सहजासहजी गोठत नाही, पण डब्यातल्या गोड्या पाण्याला ते गोठवून टाकतं. हे गोठणं होतं बाहेरून आत. आधी कडेने पापुद्रा, मग भिंत, मग जाड भिंत. आणि भिंत जितकी जाड, तितकी आतल्या पाण्यातली ऊब बाहेर पडायला वेळ लागतो, कारण तयार झालेला बर्फच गोधडीसारखा मध्ये येतो. शेवटचा गाभा गोठायला अगदी जीव खातो. तोवर लादी वरून टणक, कोपरे धारदार, हात चिकटावा इतकी गार, आणि पोटात निव्वळ पाणी. हिला म्हणायचं कच्ची लादी. यातली सगळ्यात संताप आणणारी गोष्ट अशी की कच्ची लादी पक्कीपेक्षा देखणी असते. गाभा गोठताना पाण्यातली हवा तिथे कोंडते आणि मधोमध पांढरा पट्टा पडतो. पक्की लादी म्हणून मध्ये दुधी दिसते. कच्ची आरपार स्वच्छ. नवखं गिऱ्हाईक नेमकं तिच्याच प्रेमात पडतं.

म्हणून मावशी ठोकायची. डबा टाकीतून वर आला, साध्या पाण्यात बुचकळला, कडेचा बर्फ जरासा वितळून लादी सुटली आणि रुळांवर घसरली, की ती लाकडी हातोडा घेऊन उभीच. पक्की लादी खणखणीत वाजते. कच्ची भद करते. सगळी खेप ठोकून पक्की ठरली की ती खांबाला लाल फडकं बांधायची. ते दिसलं की बोटवाले लाद्या तपासायच्या भानगडीत पडत नसत, डोळे मिटून माल उचलायचे. बंदरावर कुणाच्या सहीला नसेल एवढी किंमत त्या फडक्याला होती.

मावशीने हातोडा उचलला. रुळांवर थोड्याच लाद्या उरल्या होत्या. टाकीवरच्या फळ्या उघड्या होत्या आणि तिथल्या गारठ्याने हवेतली वाफ धुक्यासारखी पांढरी होऊन जमिनीलगत तरंगत होती. तिने पहिली लादी ठोकली. भद. दुसरी ठोकली. भद. तिसरीवर तिने हातोडा एवढ्या जोरात हाणला की त्याचा दांडा हातात झिणझिणला. तीही भद. तिन्ही लाद्या नव्या नवरीसारख्या नितळ होत्या.

"हे कुणी बांधलं?" तिने वर बघून विचारलं. बोळ्यामुळे आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा आला.

क्रेनवाला खाली वाकला. "छोट्या मालकांनी. तुमचा फोन आला होता ना, खेप काढा म्हणून."

"माझा फोन?"

"ते म्हणाले तसं. मावशीने हो म्हटलंय, घ्या वर."

"अरे, सकाळपासून त्या डॉक्टरची पक्कड माझ्या तोंडात होती! मी फोनवर काय कपाळ बोलणार?"

क्रेनवाल्याने खांदे उडवले आणि साखळीला तेल द्यायचं काम एकदम फार महत्त्वाचं असल्यासारखा तिकडे वळला. "मला काय, मालकांनी सांगितलं वर घे, मी वर घेतलं."

"उरलेल्या कुठे गेल्या?"

"हसऱ्याने नेल्या. अख्ख्याच्या अख्ख्या, न फोडता. आत्ता डिझेल भरायला धक्क्याच्या टोकाला गेलाय, तिथून निघेल."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसरा कुणी असता तरी गेलीच असती, पण हसरा! या बोटवाल्याला कप्तान कुणी म्हणत नसे, सगळे हसराच म्हणायचे, कारण तो सतत हसायचा, इंजिन बंद पडलं तरी हसायचा. मागच्या फेरीला त्याचं इंजिन बंद पडलं, त्याआधीच्या फेरीला जाळं फाटलं. ही फेरी फुकट गेली तर त्याला बोट विकावी लागणार, हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं. तो लांब जायचा, म्हणून अख्ख्या लाद्या न्यायचा आणि समुद्रात लागेल तशा फोडायचा. बर्फ वितळता वितळता माशातली ऊब ओढून घेतो, म्हणून मासा टिकतो. जे आधीच पाणी आहे ते काय ओढणार? वरचं कवच दोन दिवस तग धरेल आणि भर समुद्रात, जाळी भरलेली असताना, त्याचा बर्फ संपेल. मग मासे सडतील आणि तो हसत हसत परत येईल.

ऑफिसात बहीण टेबलापाशी बसली होती. भाचा खिडकीत उभा राहून फोनवर कुणाला तरी "उद्या नक्की, अगदी नक्की" असं तुपातलं बोलत होता. मावशीने त्याच्या हातातला फोन काढून टेबलावर आपटला.

"फडकं तू बांधलंस?"

भाचा हसला. "मावशी, डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय ना? बस आधी. गाल बघ केवढा सुजलाय."

"छोट्या, फडकं!"

"अगं, बोटी रांगेत उभ्या आहेत. खाडीपलीकडचा कारखाना दुरुस्तीला बंद. सगळं बंदर आपल्या दारात आलंय, अशी वेळ पुन्हा येणार आहे का? जराशी आधी काढली खेप. जराशी. सगळेच काढतात."

"पोटात पाणी आहे त्यांच्या."

"माहीत आहे."

तो हे अगदी सहज म्हणाला, आणि मावशीचं डोकं त्या सहजपणानेच फिरलं. चूक झाली असती तर तिने दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण याला माहीत होतं. याच कारखान्यात तो रांगला, याच रुळांवर तिने त्याला लादीला कान लावायला शिकवलं. डोळे बांधून उभं केलं तरी त्याने कच्ची लादी ओळखली असती. ओळखून सवरून त्याने फडकं बांधलं होतं, आणि वर तिचं नाव लावलं होतं.

"ताई, ओरडू नकोस," बहीण दबक्या आवाजात म्हणाली. "कामगार ऐकतायत."

"मी ओरडतच नाहीये! मला ओरडताच येत नाहीये!"

"हसऱ्याला कळणारसुद्धा नाही," भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला. या सुराचा मावशीला विशेष तिटकारा होता. "बर्फ कमी पडला तर म्हणेल, यंदा ऊन फार. पुढच्या फेरीला मी त्याला जास्तीच्या लाद्या टाकेन. हिशोब पूर्ण."

"आणि पुढची फेरी झालीच नाही तर? बोट विकली गेली तर?"

"सगळ्या बंदराचा संसार मीच सांभाळू का आता?"

मावशीने तोंडातला बोळा काढला आणि कचऱ्याच्या टोपलीत फेकला. रक्ताने भरलेला तो बोळा बघून भाच्याने तोंड फिरवलं. याला पहिल्यापासून रक्त बघवत नसे.

"मी धक्क्यावर जातेय," ती म्हणाली.

बहीण उठून दारात आडवी आली. "ताई, थांब. तू चारचौघांत जाऊन सांगितलंस तर उद्यापासून आपल्या बर्फाला कुत्रं विचारणार नाही. आपली अब्रू चव्हाट्यावर मांडून तुला काय मिळणार? मी काहीतरी करते. हसऱ्याला निरोप पाठवते, काहीतरी कारण सांगून परत बोलावते."

"कधी? तो गेल्यावर?"

"तू त्याला जरा सांभाळून घे ना."

"सांभाळून घेऊ? अजून किती?"

यावर बहिणीचा चेहरा बदलला. इतकी वर्षं गिळलेलं एकदम वर यावं तसं ती बोलायला लागली. "मी सांगितलं होतं का सांभाळायला? टाकीची झडप उघडी ठेवून हा खेळायला पळाला, सगळं मिठाचं पाणी वाहून गेलं, तेव्हा 'माझ्याकडून राहिली' असं कोण म्हणालं? ट्रक भिंतीवर घातला, तेव्हा 'ब्रेक खराब होता' असं कोण म्हणालं? याच्या प्रत्येक भानगडीवर तू पांघरूण घालत गेलीस. मी आई आहे याची, मला कधी एक गोष्ट खरी कळू दिली नाहीस. आणि आज तुला खऱ्याची उचकी लागली?"

यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि असं खरं ऐकलं की मावशीचा राग निवायचा नाही, उलट दुप्पट व्हायचा. तिने बहिणीला खांद्याने बाजूला सारलं आणि गमबूट आपटत ती बाहेर पडली.

धक्क्याच्या टोकाशी हसऱ्याच्या बोटीतून डिझेलचा पाइप नुकताच बाहेर काढत होते. दोर सोडायला माणूस उभाच होता. मावशीला बघून हसऱ्याने लांबूनच हात केला. "काय मावशी, दाढ काढली म्हणे! मग तोंडात आता विष किती उरलं?"

"तुझ्या लाद्या कच्च्या आहेत. उतरव."

"काय?"

"लाद्या कच्च्या आहेत. पोटात पाणी आहे. निघू नकोस."

हसरा खदाखदा हसला. त्याची माणसंही हसली. "दाढेबरोबर डॉक्टरने अक्कलही उपटली की काय? खांबाला फडकं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"ते मी बांधलं नाही."

"मग काय भुताने बांधलं?" तो पुन्हा हसला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाच्याशी वाजलंय का तुझं? हे बघ, घरचं भांडण घरात मिटव. मला त्यात ओढू नकोस. माझी भरतीची वेळ जातेय."

"अरे गाढवा, मी स्वतः सांगतेय ना तुला!"

"आणि मी इतकी वर्षं फडकं बघून बर्फ घेतोय. एकदाही फसलो नाही. सोडा रे दोर."

मावशीला धक्क्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. जन्मभर ठोकून ठोकून, कान देऊन, एकही कच्ची लादी न सोडता तिने त्या फडक्याला पत मिळवून दिली होती. आज तेच फडकं एका चोराच्या बाजूने उभं होतं आणि ती समोर उभी राहून घसा फोडत होती, तरी कुणी तिचं ऐकायला तयार नव्हतं. ती आणखी काही बोलली नाही. तिने धक्का आणि बोट यांच्यामधल्या फळीवर पाय टाकला आणि कुणी अडवायच्या आत मासे ठेवायच्या खणाचं झाकण उचलून खाली उतरली.

खाली अंधार आणि गारठा. वरून गरम दमट हवा आत शिरली आणि लाद्यांवर धुकं उठलं. लाद्या एकीवर एक नीट रचलेल्या होत्या. कोपऱ्यात बर्फ फोडायची कुऱ्हाड टेकवलेली होती. मावशीने ती उचलली.

"ए मावशी! चांगला बर्फ आहे तो!" हसरा वरून ओरडला.

तिने कुऱ्हाड घातली. चार बोटं जाडीचं कवच फुटलं आणि आतलं पाणी भसाभस तिच्या गमबुटांवर सांडलं. तिने दुसरी लादी फोडली. पुन्हा पाणी. तिसरी फोडली, चौथी फोडली. प्रत्येक घावाला ती काहीतरी बोलत होती, पण ते शब्द धड नव्हते. वरून बघणाऱ्यांना एवढंच दिसत होतं की एक बाई तोंडाच्या कोपऱ्यातून रक्त गाळत बर्फ फोडतेय आणि खणात पाण्याचं तळं साचतंय.

हसऱ्याचं हसणं थांबलं. त्याला हसू नसलेला चेहरा कसा ठेवायचा हेच माहीत नसल्यासारखा तो विचित्र दिसत होता.

तोवर धक्क्यावर गर्दी जमली होती. बाकीचे बोटवाले, डिझेलवाला, जाळी विणणारे, सगळे काम टाकून आले होते. त्यांच्यातून वाट काढत भाचा पुढे आला. त्याच्यामागे धापा टाकत बहीण.

"फडकं कुणी बांधलं?" हसऱ्याने भाच्याला विचारलं. त्याचा आवाज शांत होता.

भाच्याने गर्दीवर नजर फिरवली. "मी बांधलं. पण मावशीने फोन करून सांगितलं म्हणून. ती म्हणाली, खेप झाली असेल, काढा. आता दाढेच्या दुखण्यात अंदाज चुकला तिचा. वय झालंय, होतं असं कधीकधी." आणि खणाकडे वाकून अगदी मायेने म्हणाला, "मावशी, वर ये बघू. तुला लागेल."

सगळ्या माना खणाकडे वळल्या. पण त्या नजरांमध्ये राग नव्हता. कुणीतरी म्हणालं, "दाढदुखी म्हणजे काय चेष्टा आहे? मला तर माझं नाव आठवत नव्हतं." दुसरा म्हणाला, "आजवर एकदा तरी चुकली होती का ती?" मावशीला समजलं की वाट अगदी मोकळी आहे. ही मंडळी तिला उभ्या उभ्या माफ करतील, चार दिवस चेष्टा करतील आणि विसरून जातील. कारखाना वाचेल, मुलगा वाचेल. त्यासाठी बोलायचीही गरज नव्हती, डॉक्टरांनी मनाईच केली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बहीण गर्दीच्या पुढे उभी राहून तिच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे हेच मागत होते.

मावशीने भाच्याकडे बघितलं. तो घाबरला असता, घामाघूम झाला असता, त्याने डोळे चुकवले असते, तर तिचं काय झालं असतं कुणास ठाऊक. पण तो अजिबात घाबरलेला नव्हता. तो निवांत उभा होता, एक हात खिशात घालून. मावशी आता मान हलवणार याची त्याला खात्री होती.

ती खात्री बघून मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाही," ती म्हणाली. जिभेवर रक्त, ओठ बधिर, तरी हा शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला. "मी फोन केला नाही. मी काही सांगितलं नाही. यानेच खेप काढली, यानेच फडकं बांधलं. लाद्या कच्च्या आहेत हे याला माहीत होतं. मघाशी माझ्या तोंडावर म्हणाला, माहीत आहे."

बहिणीने डोळे मिटून घेतले.

भाच्याचा हात खिशातून बाहेर आला. त्याचा चेहरा पडला, पण तो लाजेने पडला नव्हता. आपल्यालाच कुणीतरी फसवलंय, अशा नवलाने तो बघत होता.

हसऱ्याने त्याच्या अंगावर हात टाकला नाही. खूप जणांना वाटत होतं की टाकावा. त्याने फक्त आपल्या माणसांना बोटीवरून धक्क्यावर बोलावलं. "ज्यांनी भरल्या त्यांनी उतरवाव्यात. आपण नाही हात लावायचा."

"उद्या पक्की खेप निघेल," मावशी खालून म्हणाली. "मी स्वतः ठोकून देईन. तुझी बोट पहिली."

"नको मावशी. मी वरच्या बंदरातून घेईन बर्फ."

"अरे पण त्याने केलं, मी नाही. मी तर धावत आले सांगायला."

"आलीस. उपकार झाले." हसऱ्याने डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. "पण तू नसताना ते फडकं त्याच्या हाती कसं लागतं? तुला माहीत नव्हता का तो कसा आहे? आम्हाला सगळ्यांना माहीत होता. आम्ही म्हणायचो, असू दे, मावशी आहे ना." एवढं बोलून तो वळला आणि चालायला लागला. त्याच्या मागोमाग रांगेतले आणखी दोघे-तिघे बोटवाले कारखान्याकडे न वळता सरळ आपापल्या बोटींकडे गेले.

मावशीला त्याच्या मागे ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने लाद्या ओढायचा आकडा उचलला, एका लादीत रुतवला आणि ती लादी ओढत खणातून वर जाणाऱ्या उतरत्या फळीपर्यंत आणली. एकटीच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. लादी अर्ध्या फळीवर चढली आणि घसरून पुन्हा पाण्यात आली. गर्दी पांगायला लागली होती. बहीण एका दोराच्या खुंटावर बसली होती आणि समुद्राकडे बघत होती.

भाचा खणाच्या तोंडाशी आला. खाली वाकून तो हळूच म्हणाला, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं मला."

"का नाही वाटलं?" मावशीने आकडा आपटला. "सांग ना, का नाही वाटलं? एवढ्या लोकांपुढे माझ्या गळ्यात घालताना तुला एकदाही का नाही वाटलं की ही म्हातारी तोंड उघडेल म्हणून?"

"तू नेहमीच घेतेस ना अंगावर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती.

मावशीच्या हातात लोखंडी आकडा होता. तो क्षणभर असा काही वर गेला की धक्क्यावरून जाणारा डिझेलवाला थबकला. भाच्याच्या टाळक्यात हाणावा की स्वतःच्या, हे तिला ठरवता येईना. मग तिने तो पुन्हा लादीतच घातला.

"खाली ये."

"मी?"

"दुसऱ्या बाजूने धर. या सगळ्या लाद्या बाहेर निघाल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस."

"मावशी, माणसं बोलावतो ना मी कारखान्यातून. कपडे बघ माझे."

"खाली ये म्हणतेय ना!"

हा आवाज मात्र जुना होता. धक्क्याच्या पार पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसांनीही माना वळवल्या. भाच्याने एकदा आईकडे बघितलं. आई समुद्राकडेच बघत राहिली. मग तो ऑफिसच्या बुटांनिशी घोट्याएवढ्या गार पाण्यात उतरला आणि शहारून त्याने दात आवळले.

दोघांनी दोन बाजूंनी आकडे लावले. पहिली लादी फळीवरून वर गेली. दुसरी गेली. तिसरी निम्म्यावर असताना त्याचा पाय सटकला, लादी कलली आणि त्याचा हात लादी आणि लाकडाच्या मध्ये चेपला गेला. तो कळवळून ओरडला आणि हात काढून पोटाशी धरला. बोटांची सालटी निघाली होती, पाण्यात लाल थेंब पडत होते. तो तसाच तिच्याकडे बघत उभा राहिला आणि वाट बघू लागला.

'सोड, मी करते' हे शब्द मावशीच्या ओठावर आलेच होते, आयुष्यभर आले तसे. तिने ते रक्ताबरोबर गिळले.

"पुढची धर," ती म्हणाली.